वाइन थेट गिऱ्हाइकाच्या हातात: नाशिकच्या नव्या वायनरीवाल्यांसाठी परवान्यांची वाट

फेब्रुवारीत वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू झाली की मला दोन-तीन फोन ठरलेले. कधी निफाडहून, कधी दिंडोरीहून. पोरगं शिकून आलेलं असतं, वडिलांनी एकरभर शिराझ किंवा शेनिन, म्हणजे वाइनची द्राक्षं, लावलेली असते, आणि बोलणं साधारण असं चालतं: "दादा, वाइन तर करतोच. वेबसाइट काढतो, पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवतो. मधला व्यापारीच नको." टेबल ग्रेप्सच्या व्यापाऱ्याने एकदा पैसे बुडवलेले असतात, त्यामुळे मधला माणूस नको हे दुखणं मला कळतं. तरी उत्तर द्यावं लागतं की असं चालणार नाही. गिऱ्हाइकाला थेट विकता येतं, पण त्याची वाट वेगळी आहे. छोट्या वायनऱ्यांचे उत्पादन शुल्काचे कागद करता करता जे कळलं ते इथे सांगतो.

आधी डोक्यातलं गणित बदला

तुमच्या आईने लोणचं विकायला काढलं तर कायदा म्हणतो, विका, फक्त हे नियम पाळा. वाइनचं उलटं आहे. आपल्याकडे लागू असलेला कायदा आहे १९४९चा, पूर्वीचा मुंबई आणि आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. नाव नीट वाचा. मद्य बनवणं, बाटलीत भरणं, बाळगणं, वाहून नेणं, विकणं, विकत घेणं आणि पिणंसुद्धा, सगळ्याला आधी मनाई आहे. परवाना म्हणजे त्या मनाईतून मिळालेली सूट, आणि ती सूट जेवढी लिहिली असेल तेवढीच. बनवायच्या परवान्यावर विकता येत नाही. विकायच्या परवान्यावर दुसऱ्या गावात नेऊन विकता येत नाही.

म्हणून मी नव्या माणसाला एक सवय लावतो. कुठलीही बाटली दिसली की विचारायचं: ही आत्ता कोणाच्या परवान्यावर उभी आहे? टाकीत असताना, गोदामात असताना, टेम्पोत असताना, गिऱ्हाइकाच्या डिकीत असताना. ज्या क्षणी या प्रश्नाला उत्तर नसेल, त्या क्षणी या कायद्याचं शिक्षेचं कलम ६५ लागू होतं. त्यात माल जातो, गाडीही जाते.

मद्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे. त्यामुळे देशभर चालणारा वाइनचा एकच परवाना असं काही अस्तित्वातच नाही. हे शेवटी, गुजरातच्या नाक्यावर, फार महागात पडतं. तिथे येऊच.

पहिली पायरी: बनवण्याचा परवाना आणि तो नकाशा

वाइन बनवण्याचा परवाना १९६६च्या बिअर आणि वाइन उत्पादन नियमांखाली मिळतो. कामाची सुरुवात जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून होते. सातबारा, बिगरशेती वापराची परवानगी, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, पाण्याची सोय, यंत्रांची आणि टाक्यांची यादी हे सगळं लागतं. कागदांची यादी वेळोवेळी बदलते, म्हणून कार्यालयातून ताजी यादी हातात घ्या. मित्राने गेल्या वर्षी दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका.

मला इथे थांबायचंय ते नकाशावर. इमारतीचा जो आराखडा तुम्ही अर्जाला जोडता, त्यावर पुढची सगळी वर्षं उभी असतात. टाक्या कुठे, बाटल्या भरायची खोली कुठे, तयार मालाचं गोदाम कुठे, दारं किती. नवा माणूस इथे फक्त उत्पादनाचा विचार करतो. चव बघायची खोली आणि विक्रीचा काउंटर "नंतर बघू" म्हणतो. माझ्या ओळखीच्या एकाने बागेकडे तोंड करून पहिल्या मजल्यावर झकास गॅलरी बांधली. खाली शिराझचे ताटवे, मागे धरणाचं पाणी. पाहुणे तिथेच बसणार हे उघड होतं. मंजूर नकाशात मात्र त्या मजल्यावर "साठवण" लिहिलेलं. दुरुस्ती मंजूर होईपर्यंत अख्खा हिवाळा गेला. नाशिकला पाहुणे येतात ते हिवाळ्यातच.

तेव्हा थेट विकायचं मनात असेल तर पहिल्याच नकाशात विक्रीची जागा वेगळ्या दारासह दाखवा. गिऱ्हाइकाने उत्पादनाच्या भागातून चालत काउंटरपर्यंत यावं लागणार नाही अशी. रस्ता कुठला आहे तेही बघून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. छोट्या गावांसाठी पुढे हे अंतर २२० मीटर झालं, आणि महापालिका-नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांबाबत २०१७मध्ये खुलासा आला. तुमचा गट नंबर यातल्या कुठल्या खान्यात बसतो हे जमीन घेण्याआधी मोजा. विंचूरला एमआयडीसीचं वाइन पार्क आहे. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणातून ते आलं. तिथे औद्योगिक भूखंड मिळाला तर जमिनीचे बरेच कागद सोपे होतात. फक्त गॅलरीतून धरण दिसत नाही.

ज्यांच्याकडे एवढे पैसे नाहीत ते दुसऱ्याच्या वायनरीत वाइन करून घेतात. द्राक्षं तुमची, टाकी त्यांची, लेबल तुमचं. नाशिकमध्ये अशी लेबलं आहेत, आणि सुरुवातीला मी हाच सल्ला देतो. पण ध्यानात ठेवा, कायद्याच्या नजरेत उत्पादक तो टाकीवाला आहे. त्याच्याकडून शंभर पेट्या आणून गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ठेवल्या, तर वर सांगितलेल्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही.

दुसरी पायरी: लेबल

इथे दोन दारं आहेत. एक उत्पादन शुल्क खात्याचं: तिथे लेबल मंजूर करून घ्यावं लागतं आणि ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण करावं लागतं. दुसरं एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं. अल्कोहोलयुक्त पेयांचे २०१८चे नियम १ एप्रिल २०१९पासून लागू आहेत. अल्कोहोलचं प्रमाण, आरोग्याला अपाय आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा, सल्फाइट असेल तर त्याचा उल्लेख, हे सगळं नेमून दिलेलं आहे. इशाऱ्याचे शब्द ठरलेले असतात, ते सुंदर करायला जाऊ नका. "हृदयासाठी उत्तम" असलं काही लिहिलंत तर लेबल परत येईल, कारण मद्यावर आरोग्याचा दावा करता येत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट: मंजुरीआधी दहा हजार लेबलं छापू नका. सगळे छापतात.

तिसरी पायरी: किंमत

मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, वाइनवर राज्याचा व्हॅट लागतो. ऐकायला बरं वाटतं. पण बाटली, बूच, पेटी, लेबल या प्रत्येकावर तुम्ही जीएसटी भरलेला असतो आणि पुढे विक्रीवर जीएसटीच नसल्याने त्याची वजावट कुठेच मिळत नाही. तो खर्चात धरा. काउंटरशेजारी तुम्ही चीज आणि मिसळ ठेवणार, वायनरी फिरवण्याचं तिकीट लावणार, त्यांना जीएसटी आहे. म्हणजे एकाच टेबलावर दोन बिलं. सॉफ्टवेअरवाल्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

व्हॅट २० टक्के. त्यातले १६ टक्के परत देणारी वाइन प्रोत्साहन योजना राज्याने २००९पासून चालवली, मधे ती थांबली, आणि जानेवारी २०२४मध्ये पाच वर्षांसाठी पुन्हा मंजूर झाल्याची बातमी आली तेव्हा नाशिकमध्ये पेढे वाटायचे बाकी होते. पण परतावा म्हणजे आधी भरा, मग मागा. लहान वायनरीने तो पैसा आपला धरून हप्ता ठरवू नये. आला की सण.

चौथी पायरी: काउंटर, म्हणजे खरी थेट विक्री

आपल्याकडे "थेट गिऱ्हाइकाला" याचा अर्थ गिऱ्हाइकाला आपल्या दारात आणणं. सुला वायनरीने २००५मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात टेस्टिंग रूम काढली, तेव्हा वाइन चाखायला कोण एवढ्या लांब येणार असं म्हणणारे होते. आज शनिवारी संध्याकाळी त्या रस्त्याला गाडी लावायला जागा शोधून दाखवा. यॉर्क, सोमा, इगतपुरीकडे व्हॅलोने, अशा सगळ्यांनी हाच धडा गिरवला.

वायनरीच्या आवारात किरकोळ विक्रीसाठी उत्पादनापेक्षा स्वतंत्र परवाना लागतो. त्यावर सीलबंद बाटली विकता येते. ग्लासमध्ये ओतून बसवून द्यायची असेल तर त्याची मंजुरी वेगळी, आणि चाखायला देणंही कागदावर आलेलं असावं. अर्जात तिन्ही गोष्टी एकेक नाव घेऊन लिहा. "विक्री" हा मोघम शब्द लिहिलात तर अधिकारी त्याचा अर्थ लावतील, आणि तो तुमच्या बाजूचाच असेल असं नाही.

आता गिऱ्हाईक. वाइन आणि बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक मद्यासाठी २५. शिवाय पिणाऱ्याकडे स्वतःचं परमिट हवं. हे बहुतेक पुणे-मुंबईकरांना आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या काउंटरवर कळतं आणि ते हसतात. एक दिवसाचं परमिट ५ रुपयांचं, वर्षाचं १०० आणि आजन्म १०००, असे दर मी बघत आलोय. एक दिवसाच्या परमिटांचं बुक काउंटरवर ठेवा आणि खरोखर फाडा. महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात भरलेली शंभर पानं तपासणीत लगेच ओळखू येतात. वयाचा पुरावा मागायला मुलांना शिकवा. कॉलेजची गँग आली की कॅमेऱ्यासमोर आधार कार्ड बघायचं, ओळखीच्या नगरसेवकाचा फोन आला तरी.

ड्राय डेच्या तारखांचं कॅलेंडर काउंटरमागे टांगा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर पाठ असतात. फसवतात त्या निवडणुका. मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या भागात विक्री बंद असते, आणि ग्रामपंचायतीची निवडणूकही मोजायची. याशिवाय कलम १४२खाली जिल्हाधिकारी शांततेच्या कारणाने दुकानं बंद ठेवायचा आदेश काढू शकतात. २०२७चा सिंहस्थ समोर आहे. मोठ्या पर्वण्यांच्या आसपास लग्नाच्या किंवा कंपनीच्या पार्टीचं बुकिंग घेताना आगाऊ रक्कम परत करण्याची अट लिहून ठेवा.

पाचवी पायरी: बाटली दाराबाहेर जाते तेव्हा

गिऱ्हाइकाने स्वतः घेतलेली, स्वतःच्या परमिटवर बसणारी, बिल असलेली बाटली स्वतःच्या गाडीतून महाराष्ट्रात घरी नेली, इथवर ठीक. बाळगण्याला मर्यादा असते, ती परमिटवर बघा. चार जण असतील तर चार परमिट आणि चार बिलं करा. एकाच्या नावावर तीन पेट्या फाडल्या आणि गाडी कसाऱ्याला अडवली, तर तो तुम्हालाच फोन करणार.

तुम्ही स्वतः माल हलवला की वाहतूक परवाना, आपल्या भाषेत टीपी. वायनरीतून घाऊक गोदामात, तिथून दुकानात, प्रत्येक टप्प्याला. टीपीवर गाडीचा नंबर आणि मुदत असते. टेम्पो घोटीला बंद पडला आणि तुम्ही माल दुसऱ्या गाडीत टाकला, तर आधी कार्यालयाला कळवायचं, मग पेट्या उचलायच्या. आमच्याकडे एकदा ड्रायव्हरने हे उलट्या क्रमाने केलं. माल खरा, बिल खरं, गाडी खोटी. तीन दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात शेनिन उन्हात तापली. ती वाइन मग कोणीच प्यायलं नाही.

आता तो कुरिअरचा प्रश्न. मे २०२०मध्ये टाळेबंदीत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना घरपोच विक्रीचा विचार करायला सुचवलं आणि महाराष्ट्राने तसा आदेश काढला. त्यातली तीन गोष्टींची सांगड लक्षात घ्या: विकणारं दुकान परवानाधारक, पोचवणारा त्याच दुकानाचा माणूस, घेणारा परमिटधारक. त्यात कुरिअर कंपनी कुठेच नाही. पश्चिम बंगाल आणि ओडिशाने पुढे जाऊन अ‍ॅपवाल्यांना सामावून घेतलं, आपण नाही. त्यामुळे नाशिकच्या वायनरीने पुण्याच्या पत्त्यावर खोकं पाठवणं या आदेशात कधीच बसत नव्हतं. आजही घरपोच काही द्यायचं असेल तर तुमचा परवाना ते करू देतो का, हे अधीक्षकांना लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. तोंडी "करा हो, कोण बघतंय" हे उत्तर नव्हे. खोक्यावर "ज्यूस" लिहून पाठवणारेही मी पाहिलेत. फुटलेल्या बाटलीचा वास लपत नाही.

मग वेबसाइट कशाला? भेटीची वेळ आणि टूरचं तिकीट घ्यायला, आणि तुमची वाइन कुठल्या शहरात कुठल्या दुकानात मिळते ते दाखवायला. पुण्याच्या गिऱ्हाइकाने फोन केला तर त्याला जवळचं दुकान सांगा. त्या दुकानाला बिअर-वाइनचा एफएल/बीआर-२ किंवा नेहमीचा एफएल-२ परवाना असतो. गंमत अशी की पाटीवर "वाइन्स" असलेल्या आपल्या बहुतेक दुकानांत वाइन खालच्या फळीवर धूळ खात असते आणि वरती सगळी व्हिस्की. त्या फळीवर जागा मिळवणं ही तुमची खरी मार्केटिंग. २७ जानेवारी २०२२ला १०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, मोठा विरोध झाला आणि तो कागदावरच राहिला. त्याच्या भरवशावर प्रोजेक्ट रिपोर्ट करू नका. बँकेतल्या साहेबांनी विचारलं तरी.

जाहिरात जपून. कलम २४ मद्याच्या जाहिरातीला मनाई करतं. बागेचे, तोडणीचे, टूरचे फोटो टाका. "दोनवर एक फ्री, व्हॉट्सअ‍ॅप करा" असलं काही नको. स्क्रीनशॉट पुरावा असतो.

सहावी पायरी: राज्याची हद्द

सापुतारा नाशिकपासून दोन तासांवर. सुरत, वापीचे पाहुणे शनिवारी येतात, पैसे खर्च करतात, जाताना पेटी मागतात. गुजरातमध्ये मूळ तोच १९४९चा कायदा आहे. १ मे १९६०ला राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांकडे राहिला. आपण सवलती देत गेलो, त्यांनी बंदी कडक ठेवली. तुमचं बिल, तुमचं पाच रुपयांचं परमिट हद्दीपलीकडे शून्य. गिऱ्हाइकाची नंबर प्लेट जीजे दिसली की मी तरी सांगतो: इथे प्या, रात्री इथेच राहा, पेटी नेऊ नका. एक विक्री जाते, माणूस मात्र पुढच्या वेळी परत येतो. राज्यातसुद्धा वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिकडच्या पाहुण्यांनाही हेच.

गोवा, कर्नाटक, दिल्ली अशा राज्यांत विकायचं तर तिथल्या राज्याची लेबल नोंदणी, तिथला परवानाधारक घाऊक विक्रेता, तिथून आयातीची परवानगी आणि इथून निर्यातीचा पास. प्रत्येक राज्याची फी वेगळी. पहिली दोन वर्षं एकच बाहेरचं राज्य घ्या.

आणि तो नेहमीचा भाचा, न्यू जर्सीचा. "मामा, इकडे तर कॅलिफोर्नियाची वायनरी घरी पाठवते." पाठवते, खरंय. तिकडेही मद्य राज्यांचाच विषय. १९३३च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने तो राज्यांकडे गेला. २००५मध्ये ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की स्वतःच्या राज्यातल्या वायनऱ्यांना घरपोच पाठवू द्यायचं आणि बाहेरच्यांना अडवायचं, असा भेदभाव चालणार नाही. त्यानंतर राज्याराज्यांनी थेट पाठवण्याचे परवाने काढले. त्यांची वायनरीसुद्धा ज्या ज्या राज्यात पाठवते तिथला परवाना घेते, तिथला कर भरते, आणि पार्सल २१ वर्षांवरच्या माणसाच्या सहीशिवाय दिलं जात नाही. नाशिकची बाटली तिकडे जाते ती परवानाधारक आयातदारामार्फत, लेबलची मंजुरी घेऊन. भाच्याला सांगा, दिवाळीला आलास की चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून ने. २१ पूर्ण असलेल्याला एक लिटरपर्यंत तिथे सीमाशुल्क लागत नाही. ७५० मिलीची एक बाटली झाली.

शेवटची पायरी: वही

टाकीत किती, बाटलीत किती, फुटल्या किती, चाखायला ओतल्या किती, विकल्या किती. रोज, त्याच दिवशी. नवे लोक चाखायला दिलेली वाइन लिहीत नाहीत आणि वर्षअखेरीस साठा जुळत नाही. रिकामी बाटली टेबलावरून उचलली की नोंद, एवढी शिस्त पोरांना लावा. फी भरलेली ग्रासची (सरकारच्या ऑनलाइन भरणा यंत्रणेची) चलनं, लेबल मंजुरीपत्रं, टीपीच्या प्रती आणि नूतनीकरणाच्या तारखा एका फायलीत ठेवा. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि तेव्हा तुम्ही पहाटे चारपासून बागेत कॅरेट मोजत असता. म्हणून नूतनीकरणाचे कागद ऑक्टोबर छाटणी उरकली की लगेच काढायला घ्या.